भाड्याच्या घरांतील स्नानाचा टब

न्हाणीघर ही घरांतील सर्वांत लहान खोली. परंतु घरमालक, भाडेकरू व खालच्या मजल्यावरील शेजारी या तिघांचें हित तिच्या फरशींत जितकें गुंतलेलें असतें, तितकें दुसऱ्या कोणत्याहि खोलींत नसतें. मुंबईंत भाड्यानें द्यावयाच्या सदनिकेची डागडुजी निघाली कीं, न्हाणीघरांत टब बसवावा काय, हा प्रश्न पुष्कळदां पुढें येतो. टब असला म्हणजे भाडें थोडें चढेल, अशी मालकाची अटकळ असते. लोकलच्या गर्दींतून घरीं आल्यावर ऊन पाण्यांत निवांत पडावें, अशी बिऱ्हाडकरूची हौस असते. शेजाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाहीं. आणि न्हाणीघर गळूं लागलें म्हणजे पहिला थेंब त्याच्याच डोक्यावर पडतो. म्हणून टबाची निवड दुकानांत रंग पाहून न करतां घरीं टेप व पेन्सिल घेऊन करावी, हेंच श्रेयस्कर.

पहिला हिशेब वजनाचा. साधारण टब दीड मीटर लांब व पाऊण मीटर रुंद, म्हणजे ५ फूट बाय अडीच फूट असतो. त्यांत १५० लिटर पाणी धरलें तर पाण्याचेंच वजन १५० किलो. बसणारा ७० किलोंचा. आणि ॲक्रिलिकचा टब सुमारें ३० किलोंचा. हा २५० किलो भार सव्वा चौरस मीटरहून कमी जागेवर पडतो. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारें २२० किलो. ओतीव लोखंडाचा टब एकटाच सव्वाशे ते दीडशे किलो भरतो. मग हाच आंकडा ३०० च्या वर जातो. भारतीय मानकाप्रमाणें राहत्या घरांतील न्हाणीघराची जमीन दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो चल भार धरून आंखतात. हा भार साऱ्या जमिनीवर सारखा पसरलेला धरला जातो. त्यामुळें कोपऱ्यांतील एका टबानें नवी स्लॅब लागलीच खचेल असें नव्हे. परंतु गिरगांवांतील जुन्या इमारतींत, जेथें जमीन लाकडी तुळयांवर उभी आहे, तेथें अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय ओतीव लोखंडाचें नांवहि काढूं नये.

दुसरा हिशेब पाण्याचा. शहरी पुरवठ्यासाठीं आपल्याकडे माणशीं दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरतात. स्वयंपाक, धुणीं, भांडीं सर्व त्यांतच. टब एकदां भरला कीं एका माणसाचा दिवसभराचा वांटा संपून वर उसनवारी होते. बालदी-तांब्यानें तेंच स्नान तीस-चाळीस लिटरांत उरकतें. विहारचें पाणी १८६० सालीं व तानसाचें १८९२ सालीं मुंबईला मिळालें, पुढें वैतरणा व भातसा यांची भर पडली. तरीहि बहुतेक वस्त्यांत नळ ठरावीक वेळच वाहतो, आणि गच्चीवरील टांकी सर्व बिऱ्हाडांची असते. शिवाय नळाचें २७ अंशांचें पाणी ४० अंशांवर आणावयाचें, तर १५० लिटरांपैकीं सुमारें ६० लिटर पाणी ६० अंशांइतकें कढत लागेल. घरोघरीं टांगलेला गीझर १५ किंवा २५ लिटरांचा. त्याच्या जोरावर टब भरूं पाहणाऱ्याच्या पदरीं कोमट पाणीच पडावयाचें. मोठा गीझर घेतला, तर एका स्नानास सुमारें सव्वादोन युनिट वीज लागेल.

हे दोन हिशेब जमले, तरच टब कशाचा, हा प्रश्न. लोखंडावरील इनॅमल चकचकीत व कठीण खरें. पण जड वस्तु पडून टवका उडाला कीं तेथें गंज चढतो, आणि ॲसिड ओतून घासण्याची पद्धति त्याला मारक ठरते. ॲक्रिलिकला चरे पडतात, पण बारीक चरे घासून काढतां येतात. भाड्याच्या घराला ॲक्रिलिकच बरा. कारण बिऱ्हाड बदललें अथवा गळती निघाली, तर दोन माणसें तो उचलूं शकतात. मात्र त्याला खालून सर्वत्र आधार हवा. नाहीं तर तो दबतो आणि कांठाचे सांधे सुटतात.

पाणी गळतें तें टबांतून क्वचित्, सांध्यांतून नेहमीं. आपल्या इमारतींत पुष्कळदां न्हाणीघराची स्लॅब खालीं घेऊन त्या खळग्यांत विटांचे तुकडे भरतात व त्यांतून नळ नेतात. सांध्यांतून उतरलेलें पाणी या भरावांत महिनोंमहिने मुरतें, आणि खालच्या छतावर ओल उमटते तेव्हां कळतें. म्हणून फरशीपूर्वीं जलरोधक थर देऊन जमिनीवर दोन दिवस पाणी कोंडून ठेवावें व खालचें छत पाहावें. टब विटांत चिणूं नये; तो स्वतःच्या चौकटीवर ठेवून समोरची फळी काढतां येईल अशी बसवावी. जमिनींतील ज्या जाळीच्या तोंडाला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तेथपर्यंत हात पोंचलाच पाहिजे.

कायदाहि सुट्या टबाच्याच बाजूचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणें मालकाच्या लेखी संमतीवांचून भाडेकरूनें कायम स्वरूपाचें बांधकाम केलें, तर जागा परत मागण्यास तें कारण होऊं शकतें. उलट सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें सदनिकेच्या आंतील दुरुस्ती सामान्यतः सभासदाच्या खर्चानें व्हावयाची. म्हणजे हौस भाडेकरूची असली, तरी पत्र मालकाच्या नांवें येतें. टब कोणाचा, तो काढावयाचा कोणीं आणि गळतीचा खर्च कोणाकडे, या तीन ओळी करारांत आधींच लिहिल्या, तर पुढील पुष्कळ कटुता टळेल.

घरांतील माणसेंहि पाहावीं. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला ओल्या पायांनीं टबाचा उंच कांठ ओलांडणें धोक्याचें. वीतभर पाण्यांतहि तान्हें मूल बुडूं शकतें. पाणीकपातींत टब भरून ठेवण्याचा मोह होतो. परंतु उघड्या, स्वच्छ सांठ्यांत डेंग्यू पसरविणारे डास आठवड्या-दीड आठवड्यांत तयार होतात.

जेथें हे हिशेब जमत नाहींत, तेथें खरबरीत फरशी, योग्य उतार, एक फवारा, भिंतींत घट्ट बसविलेला दांडा आणि बालदी व पाट मांडण्यापुरती मोकळी जागा, हेंच उत्तम न्हाणीघर होय. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. जेथें जमतात, तेथें हलका, सुटा, पांच फुटांचा टब खुशाल आणावा. मात्र दुकानदाराला बयाणा देण्यापूर्वीं मालक व भाडेकरू या दोघांनींहि एक मजला खालीं उतरून शेजाऱ्याची घंटा वाजवावी.