बालकांचे चलनवलन आणि आईबापांचे कर्तव्य
(मंडळाच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यांतून दहावी-बारावीच्या गुणांविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी आणि नोकरीधंद्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या बालकाने अद्याप शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नाही, त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. म्हणून जन्मापासून पहिलीच्या वर्गात बसेपर्यंतच्या सहा वर्षांत मुलाचे हातपाय कसे घडतात आणि त्या कामी आईबापांनी, तसेच आजी-आजोबांनी काय करावे, हा विषय मी आज निवडला आहे. विषय लहान मुलांचा असला तरी तो लहान नाही.

प्रथम आपल्याच भूमीचे स्मरण करू. या विषयाचे धडे शिकण्यासाठी आपणांस परदेशी जावयास नको. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी, १९४५ साली कै. ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. रोम शहरी १९०७ साली डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह काढले. त्या विचारांची ओळख ताराबाईंना भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात झाली होती. परंतु मॉन्टेसरींची साधने महाग होती. आपल्या खेड्यांतील गरिबांच्या मुलांना ती कोठून मिळावयाची? म्हणून ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी कै. अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतूनच साधने निर्माण केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली समाजाच्या मुलाबाळांत रुजले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण आणि १९८५ साली अनुताईंना पद्मश्री हा सन्मान मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना आज सारा देश अंगणवाडी म्हणतो. अंगणातील बालशिक्षणाचा हा प्रयोग आपल्या किनारपट्टीवर त्यापूर्वी तीस वर्षे होऊन गेला होता, हे आपल्या मुलांना आपण सांगावयास हवे.

त्या दोघींच्या कार्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की बालक हाताने आणि पायाने शिकते. डोक्याचे शिक्षण त्याच्या मागून येते. आता आपल्या घरांकडे पाहू. काय दिसते? बोईसरला दोन खोल्यांचे बिऱ्हाड. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे. रात्रपाळी करून ते दिवसा झोपलेले असतात, म्हणून मुलाने उड्या मारावयाच्या नाहीत. काही घरांतून आईबाप दोघेही पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मूल आजीच्या स्वाधीन. रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ, म्हणून बाहेर सोडण्याची भीती. मग मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो आणि घर शांत होते. या शांततेची किंमत मूल चुकवीत असते. याबद्दल मी आईबापांस दोष देत नाही, कारण परिस्थितीच तशी आहे. परंतु परिस्थितीतून वाट काढणे हेच तर गृहस्थाचे काम.

दुसरी चूक मात्र परिस्थितीची नसून आपल्या हौसेची आहे. तीन वर्षांचे मूल अक्षरे गिरवू लागले की आपणांस धन्यता वाटते. शरीरशास्त्र काय सांगते ते ऐका. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा सारी कूर्चेच्या, म्हणजे मऊ अवस्थेत असतात आणि एकामागून एक घट्ट होत जातात; आठही पूर्ण व्हावयास दहा-बारा वर्षे लागतात. शिवाय शरीराचा ताबा मोठ्या स्नायूंकडून लहान स्नायूंकडे येतो. आधी मान, मग पाठ, खांदा, कोपर आणि सर्वांत शेवटी बोटे. ज्याचा खांदा आणि पाठ बळकट नाही, ते मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते, पाच ओळींत थकते आणि वहीवर मान टाकते. पहिलीच्या वर्गावर वर्षानुवर्षे काम केलेल्या कोणाही शिक्षकास विचारा, झाडावर चढलेले आणि मातीत खेळलेले मूल लेखणी अधिक लवकर पेलते असेच तो सांगेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असेच म्हटले आहे. तेव्हा लवकर लिहावयास लावणे म्हणजे पाया घालण्यापूर्वी माडी चढविणे होय.

मुलाने किती हालचाल करावी, याचे प्रमाणही ठरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही नियम सांगितले. एक वर्षाच्या आतील, अद्याप रांगत नसलेल्या बाळास जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल करावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यांतील ६० मिनिटे तरी धावण्या-उड्या मारण्यासारख्या जोराच्या खेळाची असावीत. दोन वर्षांपर्यंत पडद्यासमोर बसवू नये हे उत्तम. त्यानंतरही दिवसाला एका तासाहून अधिक नको. एकाच जागी बांधून किंवा जखडून तासाहून अधिक वेळ ठेवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तासांची झोप हवी. १८० मिनिटे ऐकून कोणी घाबरू नये. ती सलग द्यावयाची नाहीत. सकाळी तासभर, स्वयंपाकाच्या वेळी तासभर, संध्याकाळी तासभर, अशी ती सहज भरतात.

आता हे घरच्या घरी कसे साधावे? तान्ह्या बाळास सतत मांडीवर किंवा पाळण्यात न ठेवता चटईवर पालथे घालावे आणि समोर वाटी-चमचा वाजवावा; ते मान उचलील. रांगू लागले की जमीन स्वच्छ करून त्यास मोकळे सोडावे. उभे राहू लागले की आपल्या वाडवडिलांचा लाकडी पांगुळगाडा उत्तम, कारण तो मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. बाजारात मिळणारी, मध्ये बसवून फिरविण्याची चाकांची गाडी, जिला वॉकर म्हणतात, ती मात्र घेऊ नये. तिने चालणे लवकर येत नाही. उलट पायऱ्यांवरून कोसळण्याचे अपघात होतात. कॅनडा देशाने २००४ साली तिच्या विक्रीवर बंदीच घातली.

दोन-तीन वर्षांच्या मुलास लहान तांब्यातून पाणी ओतू द्यावे, मटार सोलू द्यावे, पोळीचा गोळा लाटू द्यावा, भाजीची हलकी पिशवी उचलू द्यावी. जुन्या कापडाचा चेंडू शिवून द्यावा. तो लागत नाही आणि वाजतही नाही, म्हणून रात्रपाळीच्या घरातही चालतो. फरशीवर खडूने सरळ रेघ ओढून तिच्यावरून चालावयास सांगावे, पुढे चवड्यांवर, पुढे मागे मागे. चौथ्या-पाचव्या वर्षी एका पायावर लंगडी, शिवाशिवी, आंधळी कोशिंबीर, ठिकरी, फुगडी हे आपले खेळ आहेतच. त्यांस एक पैसा लागत नाही. लंगडीने तोल येतो, फुगडीने पकड येते आणि शिवाशिवीने पळता पळता थांबणे व वळणे येते. पावसाळ्याचे चार महिने घरात काढावे लागतात, तेव्हा उशा एका ओळीत मांडून त्यांवरून उड्या, पलंगाखालून सरपटणे आणि गाण्याच्या तालावर नाच यांनी काम भागते. उघाड मिळताच केळवे, शिरगाव, चिंचणी यांपैकी जवळच्या किनाऱ्यावर न्यावे. ओल्या वाळूत अनवाणी चालण्यासारखा पायांचा दुसरा व्यायाम नाही. ज्यांची वाडी आहे, पानमळे आहेत, त्यांनी मुलास सुटीपुरते पाहुणे म्हणून न नेता झारीने पाणी घालण्याचे काम द्यावे.

आजीबाईंना माझी एक विनंती आहे. "पडशील" हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारू नका. पडे झडे माल वाढे, ही म्हण आपलीच ना? मुलाचे गुडघे खरचटतील ते बरे होतील. मनात बसलेली भीती मात्र लवकर जात नाही. तथापि धीट करणे निराळे आणि बेफिकिरी निराळी. विहीर, खाडी, भरतीचा समुद्र, गच्ची, रहदारीचा रस्ता आणि न्हाणीघरातील पाण्याने भरलेली बादली, एवढ्या ठिकाणी मोठ्या माणसाची नजर क्षणभरही हलता कामा नये.

भगिनींनो, मुलींविषयी एक शब्द स्पष्ट बोलतो. चार वर्षांचा मुलगा कठड्यावर चढला तर तो धीट, आणि मुलगी चढली तर ती आगाऊ, हा न्याय कोठला? समारंभात तिला जरीचे कपडे घालून "नीट बस" म्हणून बसविले जाते, आणि भाऊ मंडपभर धावतो. हाडे आणि स्नायू यांना मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नाही.

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. परंतु मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, सतत चवड्यांवरच चालत असेल, एकाच बाजूचा हात-पाय वापरत असेल, किंवा आलेली गोष्ट विसरत असेल, तर दृष्ट काढण्यात दिवस न घालविता डॉक्टरांस दाखवावे. मुलांची अशी तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघर येथूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत येतात. त्यांच्यापासून मूल लपवू नका. अपंग मुलासही खेळाचा तितकाच हक्क आहे. त्याची लाज बाळगून त्यास घरात कोंडणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय.

शेवटी मंडळास नम्र सूचना. आपल्या सभागृहापुढील मोकळ्या अंगणात फरशी बसवून वाहनतळ करावा, म्हणजे लग्नकार्यास भाडे अधिक येईल, असा विचार चालू असल्याचे माझ्या कानी आहे. मंडळास पैसा लागतो हे मी जाणतो. पण ज्या समाजाच्या निम्म्या मुलांना घरी अंगण उरलेले नाही, त्या समाजाने आपल्या हातचे अंगण घालवावे काय? त्यातील निदान अर्धा भाग मातीचाच ठेवावा. तेथे एक झोपाळा, वाळूचा ढीग आणि दोन जुने टायर एवढेच ठेवावे, आणि दर रविवारी सकाळी दोन तास ते सहा वर्षांखालील मुलांस मोकळे असावे. देखरेख आम्ही निवृत्त मंडळी पाळीपाळीने करू; पहिल्या रविवारी मी येईन. तसेच वार्षिक संमेलनात तीन वर्षांच्या बालकांस पाढे म्हणून दाखविल्याबद्दल बक्षिसे देण्याची प्रथा बंद करून, त्या वेळेत त्यांच्यासाठी खेळ ठेवावेत.

ज्ञातीची इमारत विटांची असते, परंतु ज्ञाती टिकते ती मुलांवर. बोर्डीच्या अंगणात दोन स्त्रियांनी शंखशिंपल्यांवर जे साधले, ते आपणांस एका मोकळ्या अंगणावर साधता येऊ नये काय? याचा विचार आपण सर्वांनी करावा, एवढीच प्रार्थना.