जुन्या डिझेल ट्रकचे निदान आणि पुनरुज्जीवन

भारतात अवजड डिझेल ट्रकचे उत्पादन परदेशी कंपन्यांशी झालेल्या करारांतून उभे राहिले. मद्रासजवळ एन्नोर येथील अशोक मोटर्सने १९५० मध्ये ब्रिटनच्या लेलँड कंपनीशी करार करून ‘कॉमेट’ ट्रक आणला आणि १९५५ मध्ये कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले. १९४५ मध्ये स्थापन झालेली आणि आधी रेल्वेची इंजिने बनवणारी टाटांची टेल्को १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला एल-३१२ हा ट्रक बनवू लागली. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले. तोवर गाडीच्या जाळीवर तीन टोकांचा तारा होता, त्यामुळे हमरस्त्यावर ती ‘मर्सिडीज’ म्हणूनच ओळखली गेली. लष्करासाठीचा ‘शक्तिमान’ जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला तयार झाला, तर मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडले.

बनावट निरनिराळी असली तरी या काळातल्या डिझेल इंजिनांचा स्वभाव एकच आहे. त्यांत संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल किती आणि केव्हा जायचे हे यांत्रिक पंप ठरवतो. इंजिनातला प्रत्येक दोष धूर, आवाज, तापमान किंवा तेलाच्या रूपाने बाहेर दिसतो. म्हणून जुना ट्रक उभा करण्याचे काम सुटे भाग बदलण्यापासून नव्हे, तर क्रमाने केलेल्या तपासणीपासून सुरू होते. हा क्रम चुकला की नवे भाग बसवूनही जुनाच आजार शिल्लक राहतो.

गाडीची ओळख

पन्नास-साठ वर्षे रस्त्यावर राबलेल्या ट्रकमध्ये कारखान्यातून आलेले इंजिन क्वचितच उरलेले असते. एका चेसिसवर दुसऱ्याच वर्षाचे इंजिन, तिसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स आणि स्थानिक सुताराने बांधलेली लाकडी केबिन असा प्रकार सर्रास आढळतो. त्यामुळे चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, पंपावरची पट्टी आणि हाऊसिंगवरचे आकडे आधी वाचून, उतरवून घ्यावे लागतात.

मूळ एल-३१२ मध्ये ओएम-३१२ हे सहा सिलिंडरचे, ४,५८० घनसेंटिमीटरचे इंजिन होते. त्याचा बोअर ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर. पुढच्या टाटा इंजिनांच्या क्रमांकातच त्यांची मापे आहेत : ‘६९२’ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, ‘६९७’ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. बाहेरून ही इंजिने एकाच कुळातली दिसतात, पण त्यांची पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट एकमेकांना चालत नाहीत.

जाळण्याची पद्धतही तपासावी लागते. ओएम-३१२ मध्ये डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कक्षात पेटते आणि तिथून सिलिंडरमध्ये येते. अशा इंजिनाला थंड असताना हीटर प्लग लागतात. जुन्या मर्सिडीज पद्धतीत हे प्लग एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जळाला की सगळी माळ बंद पडते. नंतरच्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते. त्यांची नोझल वेगळी आणि ती उघडण्याचा दाबही बराच जास्त असतो.

वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन

बंद पडून असलेल्या ट्रकला बॅटरी लावून लगेच सेल्फ मारणे हा सर्वांत महागात पडणारा उतावीळपणा. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकलेला असतो, सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असू शकते. जोर लावला की पुशरॉड वाकतो, रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो.

योग्य पद्धत अशी. आधी सगळी नोझल काढावीत आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस मुरू द्यावे. टॅपेट कव्हर उघडून प्रत्येक व्हॉल्व्ह दाबून पाहावा. दाबल्यावर तो स्प्रिंगच्या जोराने लगेच वर यायला हवा. मग सेल्फ न वापरता, क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून इंजिन हाताने हळूहळू दोन्ही बाजूंना हलवावे. पूर्ण दोन फेरे अडथळ्याविना झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. सहा सिलिंडरचे सगळे स्ट्रोक दोन फेऱ्यांतच पूर्ण होतात.

त्यानंतर तेलाचे चेंबर उतरवावे. तळाशी साचलेला काळा गाळ आणि तेलाच्या जाळीवरची घाण काढल्याखेरीज ताजे तेल भरण्यात अर्थ नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे. पातळ झालेले आणि डिझेलचा वास मारणारे असेल तर फीड पंप, इंजेक्शन पंप किंवा गळणारे नोझल संशयित ठरते. नवे तेल घालून, नोझल बाहेरच ठेवून, सेल्फने इंजिन फिरवावे आणि ऑइल प्रेशरचा काटा वर आल्यावरच नोझल बसवावीत. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनर काढून हवेच्या तोंडाशी जाड फळी तयार ठेवावी. पंपातला, डिझेलचे प्रमाण ठरवणारा रॅक अडकला तर इंजिन बेफाम वेग घेते, आणि तेव्हा हवा बंद करणे हाच ते थांबवण्याचा खात्रीचा उपाय असतो.

डिझेलचा मार्ग आणि हवा

सुरू न होणाऱ्या किंवा सुरू होऊन बंद पडणाऱ्या जुन्या डिझेल गाडीत पहिला संशय डिझेलच्या मार्गावर घ्यावा. जुन्या टाकीत तळाला पाणी, गंज आणि जिवाणूंमुळे तयार झालेला चिकट गाळ असतो. टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवा फिल्टर लावला तर तो काही तासांत चोंदतो.

टाकी आणि फीड पंप यांच्यामधला पाइप ओढीचा आहे. त्यात फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच बाहेरून कोरडा दिसणारा जोडच अनेकदा दोषी निघतो. या भागात तात्पुरती पारदर्शक नळी लावली की बुडबुडे थेट दिसतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उशिरा सुरू होते आणि एकदा सुरू झाली की दिवसभर नीट चालते, याचा अर्थ बहुधा डिझेल रात्रीत टाकीकडे परत गेले. फीड पंपाचा व्हॉल्व्ह किंवा ओढीचा जोड तपासावा. तासभर चालून गाडी ओढ सोडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाज येत असेल, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे.

हवा काढण्याचाही क्रम आहे. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारावा. सुरुवातीला फेस येतो, मग बुडबुडे तुटक होतात, शेवटी एकसंध धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. नंतर पंपावरचा स्क्रू, आणि सर्वांत शेवटी सेल्फ फिरवत असताना नोझलकडच्या पाइपांचे नट. मधली पायरी गाळली की हवा पंपातच अडकते आणि बॅटरी उतरते.

धूर आणि मिसिंग

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. चोंदलेला एअर क्लीनर, ठिबकणारे नोझल किंवा कोणीतरी ‘पिकअप’साठी वाढवून ठेवलेला पंप ही त्याची नेहमीची कारणे. पांढरा धूर न जळालेल्या डिझेलचा असतो : कॉम्प्रेशन कमी, टायमिंग मागे किंवा इंजिन अजून थंड. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडमधली चीर शोधावी. निळसर धूर तेलाचा. रिंगा, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्याची ती खूण.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला यंत्र लागत नाही. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करावा. काम करणाऱ्या सिलिंडरचा नट सैल केला की आवाज लगेच पडतो. ज्याने काहीच फरक पडत नाही तो दोषी. मग ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागीच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पंप. टेस्टरवर नोझल तपासताना फवाऱ्याखाली हात जाता कामा नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि ती जखम शस्त्रक्रियेची ठरते.

कॉम्प्रेशन मोजताना एका आकड्यापेक्षा सहाही सिलिंडरच्या आकड्यांतला सारखेपणा महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनात तेल घालून पुन्हा मोजण्याची रीत डिझेलला चालत नाही, कारण पिस्टनच्या वरची जागा इतकी कमी असते की थोड्या तेलानेही आकडा फसवा येतो. त्याऐवजी तेलाच्या झाकणातून येणारी फुंकर पाहावी.

टायमिंग आणि गव्हर्नर

एका ओळीतले हे पंप बहुतेक बॉश पद्धतीचे. भारतात ते बंगळुरूच्या मायको कंपनीने, म्हणजे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने बनवले. पंपाचे कॅलिब्रेशन टेस्ट बेंचवरच व्हायला हवे. प्रत्येक घटकातून जाणारे डिझेल समान असणे डोळ्यांनी जमवता येत नाही. पंप इंजिनावर बसवल्यानंतरचे टायमिंग मात्र साध्या रीतीने तपासता येते.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पंपाच्या पहिल्या घटकाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढतात आणि वर वाकडी नळी लावतात. रॅक डिझेल देण्याच्या स्थितीत ठेवून हँड प्रायमर मारला की नळीतून डिझेल वाहू लागते. मग इंजिन हाताने चालीच्या दिशेने अगदी हळू फिरवतात. धार बारीक होते, थेंब पडू लागतात, आणि ज्या क्षणी थेंब थांबतो तिथे इंजेक्शन सुरू होते. त्या वेळी पुली किंवा फ्लायव्हीलवरची खूण काट्यासमोर यायला हवी. नाही आली तर पंपाची कपलिंग सैल करून पंप फिरवतात. टायमिंग पुढे गेले की इंजिन कडक ठोकते, मागे गेले की धूर येतो, ओढ कमी होते आणि इंजिन तापते. अंश किती हे इंजिनागणिक बदलते. ते पुस्तिकेतूनच घ्यावे.

त्या काळच्या अनेक पंपांवर न्यूमॅटिक गव्हर्नर असतो. त्यात हवेच्या वाटेतल्या झडपेमुळे तयार होणारी ओढ एका चामड्याच्या पडद्यावर काम करून रॅक मागे खेचते; स्प्रिंग त्याला पूर्ण डिझेलकडे ढकलत असते. पडदा वाळून चिरला किंवा रबरी नळी फाटली की ओढ नाहीशी होते आणि इंजिन आपोआप वेग घेऊ लागते. मंद चालताना आवाज वरखाली होत असेल तर पंप उघडण्याआधी हा पडदा आणि नळी पाहावी.

इंजिन उघडल्यावर

सिलिंडरची सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगच्या थांब्याशी होते. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे माप घ्यावे. लंबगोलपणा आणि निमुळतेपणा मर्यादेबाहेर असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकणे म्हणजे तेल खाणारे इंजिन परत बांधणे.

क्रँक बहुधा पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने ग्राइंड करून त्या साइजची बेअरिंग बसवतात. ग्राइंडिंग करणाऱ्याने जर्नलच्या कडेची गोलाई राखली आहे की नाही हे बोट फिरवून आणि रेडियस गेजने तपासावे. तिथे चौकोनी कोपरा राहिला तर भार पडल्यावर क्रँक तिथेच तुटतो. हेड सपाट आहे का हे सरळ पट्टीने, आणि चीर आहे का हे दाब देऊन पाहावे. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

घाटात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय जुनी आहे. कसारा किंवा बोर घाटात तापणाऱ्या गाडीचा दोष मात्र बहुतेक वेळा रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये साचलेल्या क्षारांत असतो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर थंडच चालते, ज्वलनातील आम्लयुक्त ओल सिलिंडरवर बसते आणि झीज वाढते.

ब्रेक, चाके, गिअरबॉक्स

गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे. उभ्या गाडीतले ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि सिलिंडर आतून गंजतात. रबरी कप बदलताना बोअरमध्ये खड्डे असतील तर सिलिंडरच बदलावा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

लॉक रिंगची चाके सर्वांत धोकादायक. गंजलेली किंवा नीट न बसलेली रिंग हवा भरताना गोळीसारखी उडते. हवा पिंजऱ्यात किंवा चाकाला साखळ्या बांधून, लांब नळीने, बाजूला उभे राहून भरावी.

जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळ-कांस्याचे भाग असतील तर आजचे हायपॉइड प्रकारचे, गंधकयुक्त तेल त्यांना खाते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल वापरावे. किंग पिनांची झीज जॅक लावून, चाक वरखाली हलवून कळते. कमानीचे पाटे सुटे करून प्रत्येक पाट्याच्या मधल्या छिद्रापाशी चीर शोधावी.

कागदपत्रे

ट्रक पूर्ववत झाला तरी रस्त्यावर नेण्याचा प्रश्न उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. तिच्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि व्यापारी वापरात नसलेली दुचाकी वाहने आणि प्रवासी मोटारी बसतात. मालवाहू ट्रकचा वर्ग त्या व्याख्येत नाही. त्यामुळे जुना ट्रक एकतर मालवाहू वाहन म्हणून दरवर्षी फिटनेस तपासणीला उतरवावा लागतो किंवा खाजगी आवारात, प्रदर्शनात ठेवावा लागतो. हा निर्णय काम सुरू करण्याआधीच घ्यावा, कारण ब्रेक, दिवे आणि केबिन यांवरचा खर्च त्यावरच ठरतो. ज्या वाहनांनी देशाचे धान्य, सिमेंट आणि कापूस वाहिला, त्यांनाही मोटारींइतकेच जतनाचे स्थान नियमांत मिळायला हवे.