रस्त्याआधीचं मोजमाप



अभियंत्यांच्या अधिवेशनात पूल, घाट, बोगदे यांची चर्चा ओघानंच होते. ज्यांच्या टेबलावर हे सारं आधी आकड्यांत उभं राहतं, त्या अधिकाऱ्यांची आठवण क्वचितच निघते. म्हणून आज एक कारकीर्द सभेपुढे ठेवायची आहे: थॉमस मॅकडोनाल्ड यांची. १९१९ ते १९५३, सात राष्ट्राध्यक्षांच्या काळात, ते अमेरिकेच्या केंद्रीय रस्ते खात्याचे प्रमुख होते.

बालपण आयोवा राज्यातल्या माँटेझुमा गावी गेलं. वडिलांचं लाकडाचं आणि धान्याचं दुकान. पावसात रस्त्यांचा रबडा व्हायचा, चाकं रुतायची, शेतकऱ्याचा माल वाटेतच अडायचा. १९०४ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो याच प्रश्नावर: भरलेली गाडी ओढायला रस्त्यावर किती अश्वशक्ती खर्ची पडते? रस्ता वाईट आहे हे सगळा गाव सांगत होता. किती वाईट, ते या विद्यार्थ्यानं मोजायला घेतलं.

हीच सवय त्यांनी खात्याला लावली. राज्यांतले रस्ते बांधायचे आणि सांभाळायचे ते राज्यांनीच. केंद्राच्या हाती फक्त खर्चातला वाटा. १९२१च्या कायद्यानं ठरलं, की प्रत्येक राज्यानं आपले जास्तीत जास्त सात टक्के रस्ते निवडावेत आणि केंद्राचा पैसा त्यांच्यावरच पडावा. नुसते हुकूम सोडून हे होण्यासारखं नव्हतं. राज्यांच्या अभियंत्यांना पटवायचं, तर हातात पुरावा हवा.

असा पुरावा कसा तयार होतो? इलिनॉय राज्यानं बेट्स गावाजवळ दोनेक मैलांचा रस्ता केला: वीट, डांबर, काँक्रीट, अशा त्रेसष्ट तुकड्यांचा. मग महायुद्धातून उरलेले ट्रक, वजन वाढवत वाढवत, त्यावरून फिरवले. काही तुकडे टिकले, काही फुटले. काँक्रीटच्या कडा जाड हव्यात, हा धडा त्या फुटक्या तुकड्यांनी दिला.

खांबांवर रंगीत पट्टे ओढून खासगी मंडळं रस्त्यांना नावं देत, तो गोंधळ १९२६ साली क्रमांकांनी मिटला. उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम, पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम. हे क्रमांकही राज्यांच्या संमतीनंच पडले.

अंदाज चुकलेही. १९३९च्या अहवालात मॅकडोनाल्ड यांच्या खात्यानं सांगितलं, की देशभरच्या महामार्गांचा खर्च टोलमधून निघणार नाही. टोलमुक्त जाळं उभारा. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाचा टोलरस्ता खुला झाला आणि खात्यानं धरली होती त्याहून कितीतरी जास्त वर्दळ तिथे लोटली. तरी आंतरराज्य महामार्गांचं बीज त्याच अहवालात होतं. १९५६ साली या महामार्गांचा मोठा कायदा झाला. मॅकडोनाल्ड तीन वर्षांपूर्वीच पायउतार झाले होते.

आपल्याकडे रस्त्यांच्या खर्चात केंद्राचा वाटा असावा हा विचार मुंबईच्या एका बॅरिस्टरनं मांडला. मुकुंदराव जयकरांच्या समितीनं १९२८ साली अहवाल दिला. त्यातून पेट्रोलवरच्या करावर चालणारा केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस आली. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात बसले आणि वीस वर्षांचा आराखडा घेऊन उठले.

उद्या सकाळी वाहतूक गणनेवरचे निबंध वाचले जातील. नाक्यावर तंबू ठोकून, सात दिवस रात्रंदिवस, पेन्सिलीनं रेघा मारत गाड्या मोजणारे शाखा अभियंते आणि मैलकामगार आज मागच्या रांगांत बसले आहेत. उद्या पुढच्या खुर्च्या त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात, ही आयोजकांना विनंती.