पाण्याखालची सोबतीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी समुद्राच्या तळाची गोष्ट कशाला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. परंतु मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आज हौशी मंडळी पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारतात, आणि त्यांत आपल्या लेकीसुनाही असतात. तेव्हा या विद्येची चार सूत्रे घरात असलेली बरी.

पहिले सूत्र, एकटीने जाऊ नये. तोंडात हवेची नळी असल्यामुळे बोलता येत नाही. टाकीवर ठोकले तर आवाज पोचतो खरा. पण पाण्यात तो हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे कोणत्या बाजूने आला हे कानांना उमगत नाही. मग भरवसा उरतो तो नजरेचा आणि हाताचा.

दुसरे, उतरण्यापूर्वी एकमेकींचे पट्टे, वजने व टाकीतली हवा तपासावी आणि खुणा पक्क्या कराव्या. अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर केला तर ती शाबासकी नव्हे, 'वर चला' अशी खूण होय! तळहात गळ्यावरून आडवा फिरवला म्हणजे हवा संपली. अशा वेळी सोबतिणीने आपल्या टाकीची जादा नळी तिला द्यावयाची असते. म्हणून अंतर हात पोचेल एवढेच ठेवावे. गढूळ पाण्यात तर हातच धरावा.

तिसरे, चुकामूक झालीच तर एक मिनिट चहूकडे पाहावे आणि न दिसल्यास सावकाश वर यावे. दोघींनी हे पाळले तर वर भेट होते. एक वर आली आणि दुसरी खालीच शोधत राहिली, तर मात्र घात होतो.

चौथे, वर येताना श्वास कोंडू नये व घाई करू नये. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. तेथे घेतलेली हवा वर येता येता फुगते आणि फुप्फुसाला इजा करते.

दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या 'हेन्यो' स्त्रिया तर टाकीवाचूनच बुडी मारून शिंपले व शेवाळ गोळा करतात. त्यांतील पुष्कळजणींनी साठी ओलांडली आहे. त्या गटाने समुद्रावर जातात आणि अनुभवी बाया नवख्यांना शिकवतात. पाण्याबाहेर डोके येताच त्या शिळेसारखा आवाज करीत श्वास सोडतात. जवळच्या सखीला तेवढ्याने ती वर आल्याचे कळते. २०१६ साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

भगिनींनो, लेक मालवणला निघाली की आपण डबा बांधून देतो. त्याबरोबर एवढे विचारावे, "पाण्यात तुझ्याबरोबर कोण? आणि खुणा ठरवल्यास ना?" नवखी असेल तर शिकवणाराच तिचा सोबती, त्याचा हात सोडू नकोस, म्हणून बजवावे. मग तिने खुशाल मासे पाहावे, आणि परत आल्यावर आपल्यालाही सांगावे.