लस कुठली, कधी, आणि विचारायचं कुणी?



जेवणं व्हायची आहेत याची जाणीव ठेवून आम्ही थोडक्यात बोलतो. कार्यकारिणीने आम्हा दोघांना ‘प्रत्यारोपणानंतरचं आयुष्य’ असा भलामोठा विषय दिला होता. त्यातला एक लहान तुकडा आम्ही घेतलाय, लशींचा. आम्ही डॉक्टर नाही, दोघंही सॉफ्टवेअरवाले. पण आमच्यापैकी एकीच्या पोटात २०१६ पासून तिच्या आईची किडनी आहे, त्यामुळे हा अभ्यास करणं भागच पडलं.

परक्या अवयवावर शरीराने हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशा गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. म्हणजे साधा फ्लूसुद्धा जड जाऊ शकतो, आणि लशीचा परिणामही इतरांपेक्षा कमी होतो. शिवाय ज्या लशींत जिवंत, दुर्बल केलेले जंतू असतात (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीवर, नाकात फवारायची फ्लूची लस) त्या प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत. त्या ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी उरकायच्या. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, हिपॅटायटिस बी या नंतरही चालतात, पण आधी घेतल्या तर जास्त लागू पडतात.

आता याची आठवण ठेवणार कोण? किडनीच्या डॉक्टरांना वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील, फॅमिली डॉक्टरांना वाटतं ट्रान्सप्लांट सेंटर बघेल. आमच्या ऑफिसातही बग असाच दोन टीमच्या मधे पडून राहतो! म्हणून लशींचा कागद आम्ही स्वतः ठेवतो. लशीचं नाव, तारीख, पुढचा डोस.

२०१९ मध्ये पुण्याला लग्नाला जायचं होतं. इथल्या एका ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये टायफॉइडच्या कॅप्सूल पुढे केल्या गेल्या. त्या जिवंत जंतूंच्या. फॉर्मवर ट्रान्सप्लांट ठळक लिहिलेलं होतं, कुणी वाचलं नव्हतं. आम्ही विचारलं, “ही लस लाइव्ह आहे का?” नर्सबाई थांबल्या, आत जाऊन आल्या, आणि इंजेक्शनवाली लस दिली. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पण आपल्या घरांत डॉक्टरांना उलट विचारणं म्हणजे आगाऊपणा समजतात. आमचे बाबा अजून म्हणतात, “ते शिकलेत ना त्यातलं?” शिकलेत, बाबा, पण त्यांच्यापुढे दिवसाला कितीतरी पेशंट असतात. आम्हाला एकच सांभाळायचाय.

त्याच मुक्कामात भावाच्या घरी तान्हं बाळ होतं, नुकतेच पोलिओचे थेंब दिलेलं. ते थेंबही जिवंत लशीचे, आणि विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. त्यामुळे लंगोट बदलायची आत्याबाईंना सक्त मनाई! वहिनींनी अजून ते सुनावणं सोडलेलं नाही.

खरी कसोटी लागली २०२१ मध्ये. कोविडची लस मिळाली, सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मार्चमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की ४३६ प्रत्यारोपित रुग्णांपैकी पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्क्यांत अँटिबॉडी दिसल्या. दोन डोसनंतर, ६५८ जणांत, ५४ टक्के. उरलेल्यांनी काय करायचं? काही रुग्णांनी परवानगी नसताना स्वतःच तिसरा डोस घेतला. अशा ३० जणांची नोंद हॉपकिन्सने जूनमध्ये छापली. त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. आमच्या घरी या विषयावर रात्र-रात्र वाद झाले. शेवटी आम्ही ट्रान्सप्लांट टीमला लेखी विचारलं. “थांबा, मास्क सोडू नका,” असं उत्तर आलं. ते पटायला कठीण होतं, पण कारणासकट आलं होतं, म्हणून थांबलो. १२ ऑगस्टला एफडीएने अशा रुग्णांसाठी तिसऱ्या डोसला परवानगी दिली आणि त्याच महिन्यात आम्ही तो घेतला. त्या अभ्यासांत रक्त देणारे रुग्ण स्वतः होऊन पुढे आले होते, हेही इथे सांगायला हवं.

“लशीने किडनी रिजेक्ट होईल” ही भीती आम्हाला अनेकांनी बोलून दाखवलीय. आजवरच्या अभ्यासांत लसीकरणाने तो धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. तरी कुठली लस कधी, हे आपापल्या टीमलाच विचारा, आमच्या भाषणावर जाऊ नका. घरातल्या बाकीच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेणं हाही त्या पेशंटच्या उपचाराचाच भाग.

आज जमणारा निधी महाराष्ट्रातल्या डायलिसिसवरच्या आणि प्रत्यारोपणाची वाट बघणाऱ्या रुग्णांच्या लशींसाठी आहे. भारतात सरकारी लसीकरण मुख्यतः बालकं आणि गरोदर स्त्रियांसाठी असतं. मोठ्या माणसांच्या लशींचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशातून जातो, आणि डायलिसिसने तो खिसा आधीच रिकामा झालेला असतो. लशीचा पैसा ऑपरेशनच्या आधी पोचला तरच त्याचा पुरेपूर उपयोग, म्हणून चेक आजच दिलात तर बरं.

देणगीचं टेबल दाराशी डावीकडे आहे. कुणाच्या घरी प्रत्यारोपण झालं असेल किंवा होणार असेल, तर मध्यंतरात चहापाशी भेटा. आमच्या लशींच्या कागदाच्या कोऱ्या प्रती आणल्यात.