विश्वास आणि विश्वासूपणा



हिब्रू भाषेतील ‘एमुना’ हा एकच शब्द विश्वास आणि विश्वासूपणा या दोन्ही अर्थांनी येतो. पंडिता रमाबाईंच्या जीवनात हे दोन्ही अर्थ एकवटलेले आम्हांस दिसतात. दुष्काळाने ज्यांचे आईबाप नेले, त्या रमाबाईंनीच १८९७ साली दुष्काळग्रस्त मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावी सांभाळल्या. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. देवाने सोडले, असे म्हणणे तेव्हा सोपे होते. परंतु मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. देवावर भरवसा असणारा हाती घेतलेल्या कामाशी इमान राखतो. परप्रांती मायबोली जपणाऱ्या आम्हांसही हेच इमान लाभो.