बॅरिस्टरीची वाट आणि आपली मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

मागे याच विहारात एका मुलीने मला विचारले, "काका, बाबासाहेबांसारखं बॅरिस्टर व्हायला कुठली परीक्षा असते?" बाजूची मंडळी हसली. मला काही हसू आले नाही. प्रश्न खरा होता.

बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. म्हणजे मधली तीन वर्षे त्यांनी जिद्द सोडली नाही.

आता आपल्याकडे बॅरिस्टर असा वेगळा वर्ग नाही. १९६१ च्या कायद्यापासून सगळे ॲडव्होकेट. त्यासाठी राज्याची लॉ सीईटी आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी यांवर भर असतो. पेपर मराठीतूनही देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट वेगळी. ती इंग्रजीतून असते आणि तिथे चुकीला पाव गुण जातो.

पालकांनो, आता तुमच्यासाठी. माझे स्वतःचे एक वर्ष अभ्यासामुळे नाही, कागदामुळे वाया गेले. दाखला वेळेवर हातात नव्हता. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण त्या दाखल्याशिवाय पदरात पडत नाहीत. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांच्या मागे पोरगं अकरावीत असतानाच लागा. आणखी एक. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे ॲडमिशन झाली असे नाही. निकालानंतर प्रवेशाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. तिथेच आपली कितीतरी मुले गळतात.

क्लासला जायचे म्हणजे मढहून मालाडपर्यंत बस, नाहीतर वर्सोव्याची फेरीबोट. येण्याजाण्यात संध्याकाळ जाते. घरी एकच खोली, त्यात टीव्ही. म्हणून माझी विनंती आहे की वंदना झाल्यावर विहार रात्री दहापर्यंत अभ्यासाला उघडा ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिका, एक रोजचे वर्तमानपत्र आणि एक घड्याळ, एवढेच लागेल. परीक्षेच्या दिवसांत लाऊडस्पीकर बंद ठेवा.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी. तळ्यावर हजारो माणसे लागली, पण कोर्टात दहा वर्षे टिकायला वकील लागला. उद्या आपल्या वस्तीवर वेळ आली तर तो वकील बाहेरून का आणायचा? तो या सतरंजीवरूनच उठला पाहिजे.

त्या मुलीची खुर्ची आजपासून विहारात मांडून ठेवा, एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!